चुडामणचा लांबडा शब्द

"तो लांबडा शबद घातला का, भाऊ?" गोदाबाईने कागदावर वाकून विचारले.

"घातला ना! त्याच्याबिगर अर्जी पास होते का कधी?" चुडामणने ऐटीत टाक झटकला आणि शाई वाळावी म्हणून कागदावर फुंकर मारली.

बऱ्हाणपूरच्या कचेरीसमोर चिंचेखाली बैठक मांडून चुडामण पंचवीस वर्षे इंग्रजी अर्ज लिहीत होता. त्याला इंग्रजी येत होते असे म्हणणे मात्र जरा धाडसाचे होईल. त्याच्यापाशी गुरू मोतीलालजींनी दिलेला कित्ता होता. अर्ज विहिरीचा असो की वारसाचा, नाव-गाव बदलायचे आणि बाकी मजकूर कित्त्यातून जसाच्या तसा उतरवायचा, ही त्याची रीत. अक्षर असे की गोरे साहेबसुद्धा क्षणभर कागद हातात धरून ठेवत. त्यातही एका शब्दावर त्याचा भारी जीव. अर्जदाराच्या नावाआधी तो यायचा, ‘इंडिजंट’. पहिले अक्षर चुडामण असे वळवायचा की बघत राहावे. ज्या अर्जात हा शब्द असतो ते सहसा परत येत नाहीत, एवढे त्याला अनुभवाने ठाऊक होते. म्हणजे काहीतरी मानाचे बिरुद असणार, अशी त्याने आपली समजूत करून घेतली होती. लोकही हट्टाने तो शब्द मागून घेत.

गोदाबाईचे काम साधे होते. इतवाऱ्याच्या बाजारातल्या जागा कमिटी नव्याने वाटून देणार होती. ज्यांच्या नावाचा हुकूम निघणार नाही त्यांनी येत्या रविवारी उठायचे. गोदाबाई तापीच्या वाळूत डांगरे, म्हणजे खरबुजे, पिकवायची आणि बाजारात एका काळ्या दगडाशेजारी बसून विकायची. तो दगड तिच्या सासूने आणून ठेवलेला. इतवाऱ्यात ज्याचा दगड त्याची जागा, असा जुना रिवाज होता आणि त्यावरून कधी कुणी भांडले नव्हते.

"माह्या सासूपासून आमी तिथं बसतो, हे लिव बरं," ती म्हणाली होती.

"लिवतो, लिवतो," चुडामण म्हणाला होता. कित्त्यात सासूचे वाक्य नव्हते. त्याने ते सोडून दिले.

गुरुवारी अर्जांची सुनावणी झाली. नवे साहेब नागपूरकडचे, मराठी माणूस. प्रत्येक अर्ज अर्जदाराला मराठीत समजावून सांगायचा, मगच शेरा मारायचा, अशी त्यांची पद्धत. बाजारातली पंधरा-वीस माणसे भिंतीला टेकून उभी होती. चुडामण दारातच होता.

"गोदाबाई, यात लिहिलंय की तुम्ही इंडिजंट आहात," साहेब मायेने म्हणाले. "म्हणजे कंगाल, निराधार, दुसऱ्याच्या दयेवर जगणाऱ्या. जागेवरच्या हक्काचं काहीच लिहिलेलं नाही. पण अशा बाईला दया म्हणून जागा देता येते. हे खरं आहे ना? हो म्हणा, मी सही करतो."

कुणीतरी चुकचुकले. गोदाबाईने वळून चुडामणकडे पाहिले. ती रागावलेली नव्हती. तो काहीतरी बोलेल म्हणून वाट पाहत होती. ‘साहेब, चूक माझी आहे, मला या शब्दाचा अर्थच माहीत नव्हता,’ एवढे एक वाक्य पुरले असते. पण ते बोलले की पंचवीस वर्षांची पत मातीत जाणार. चुडामणने मान खाली घातली आणि आपल्या जोड्यांकडे पाहत राहिला.

"नही साहेब," गोदाबाई म्हणाली. "तीन पोरी उजवल्या मी डांगरं इकून. कोनाच्या दारी हात नही पसरला. मी भीक मांगाले नही आली."

"मग हा अर्ज?"

"तो माहा नही."

साहेबांनी कागद बाजूला ठेवला.

चुडामण घरी आला तो पाणीसुद्धा न पिता देवघरापुढे बसला. तिथे वडिलांचा एक जुना कागद होता. चुडामणला शाळेत घ्यावे म्हणून मोतीलालजींनी लिहून दिलेल्या अर्जाची ती नक्कल. ‘माह्या पोराचा कागद’ म्हणून वडील दर दसऱ्याला तिला हळदकुंकू वाहायचे. ह्याच कागदावर बोट फिरवून चुडामण ते वळणदार अक्षर शिकला होता. वडिलांच्या नावाआधी तो शब्द होता. वडील ताठ मानेने चालणारे, उभ्या गावाला आवाज देऊन बोलणारे हातमागवाले. त्याला सुईण सरुबाई आठवली, लोटू गवंडी आठवला. किती नावांना त्याने हे चिकटवले होते, तेही सुंदर अक्षरात. त्याला फार लाज वाटली; बायकोने जेवायला हाक मारली तेव्हा त्याने कोरा कागद पुढे ओढला.

रविवारी सकाळी तो इतवाऱ्यात गेला. खिशात मराठीत लिहिलेला नवा अर्ज होता. गोदाबाई दगडाभोवतीची माती खुरप्याने मोकळी करत होती.

"बाई, चुकलं माझं. मले त्या शबदाचा अर्थ मालूम नव्हता. अन् मालूम झाल्यावर बी मी तोंड उघडलं नही."

गोदाबाईने खुरपे थांबवले. "वाच," ती म्हणाली.

तो वाचू लागला. गोदाबाई, राहणार बऱ्हाणपूर, धंदा डांगरे विकणे. सासूच्या वेळेपासून चाळीस वर्षांची वहिवाट. जागा हक्काची आहे, ती नावावर करावी. एवढेच होते. अक्षराला कुठे वळण नव्हते.

"आता बराबर हाय," ती म्हणाली. "पन आता कायले? हुकूम निंघाले. दुसरी कोनी आली त तिले असंच लिवजो. अन् अंगठा घ्याच्या पहिले वाचून दाखवजो."

शेजारी तिच्या जागेचा नवा धनी पाट्या घेऊन खोळंबला होता. तिने पदराची चुंबळ करून डोक्यावर ठेवली. बाजाराच्या दरवाज्याबाहेर, रस्त्याकडेला बसणार होती म्हणे.

चुडामणने कागद खिशात घातला आणि दगडाला हात लावला. दुसऱ्या बाजूने तीही वाकली. दोघांनी मिळून दगड उचलला. त्याला वाटले होते त्यापेक्षा तो पुष्कळच जड होता.