हाताला कळेल अशी खूण

"खाली. अजून खाली. थांब. आता सोड."

भाचीने कप्पीची साखळी सैल केली आणि लष्करी ट्रकची ट्रान्सफर केस टेबलावर टेकली. टेबलाचे चारही पाय कुरकुरले. मामाने पेटीच्या पाठीवर तळहात ठेवला आणि समाधानाने हुंकार भरला.

"ही खरी पेटी. बिडाची. टेबलसुद्धा बघ कसं अदबीने बोललं."

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला दवाखान्याच्या ट्रकची पेटी उघडून ठेवली होती. ती अॅल्युमिनियमची, अंगाने बारीक, आत गिअरांऐवजी रुंद चपटी साखळी. काम दोन्ही पेट्यांचं एकच: इंजिनाचा जोर पुढच्या आणि मागच्या चाकांत वाटून द्यायचा, चढ आला की चाल कमी करून ताकद वाढवायची. पण शेजारी शेजारी ठेवल्या तर त्या एकमेकींच्या नात्यातल्याही वाटत नव्हत्या.

बाहेर सकाळपासून धुळीचा वारा सुटला होता, म्हणून शटर खाली ओढलेलं होतं. आत डोक्यावरचा एकच बल्ब जळत होता. भाचीने घसा साफ केला. गेले दोन दिवस ती एक वाक्य पाठ करत होती, दात घासताना, भाजी चिरताना, ट्रकखाली पडल्या पडल्या. 'मामा, आता तू आराम कर.' एवढंच वाक्य, पण तोंडातून निघता निघत नव्हतं.

मामाला सगळी गल्ली जनरल म्हणायची. लष्करात तो होता हे खरं, पण अठ्ठावीस वर्षं फिटर म्हणून, ट्रकखाली उताणा. "मी जेवढे जनरल पाहिले, त्यांचे फक्त बूटच पाहिले," असं तो स्वतःच सांगायचा. निवृत्त झाल्यावर तो बहिणीकडे राहायला आला, बहीण गेल्यावर भाचीकडेच राहिला, आणि तिने वर्कशॉप काढलं तेव्हा पहिल्या दिवशी न बोलावता डबा घेऊन हजर झाला. पाना कसा धरायचा इथपासून सगळं तिला त्यानेच शिकवलं. कानस वापरून झाली की ब्रशने साफ करायची, नाहीतर दातांत धातू अडकतो, हे त्याने तिला इतक्यांदा ऐकवलं होतं की तिने झोपेतसुद्धा म्हणून दाखवलं असतं.

आणि त्याच मामाच्या हातून चूक झाली होती.

गेल्या आठवड्यात दवाखान्याचा ट्रक नदीपलीकडच्या चढावर होता. ड्रायव्हरने बटण फिरवलं, समोर 'लो'चा दिवाही लागला, पण पेटी न्यूट्रलमध्येच राहिली. ट्रक मागे घसरायला लागला. आत दोन नर्सा होत्या आणि एक अवघडलेली बाई. ड्रायव्हर ब्रेकवर उभाच राहिला आणि मागचं चाक एका दगडाला अडलं, म्हणून निभावलं. ड्रायव्हर भला माणूस. त्याने भाचीला बाजूला घेऊन तेवढं सांगितलं आणि वर म्हणाला, "ताई, जनरलना काही बोलू नका."

तिने पेटी उतरवली तेव्हा कारण लगेच दिसलं. या पेटीत गिअर बदलण्याचं काम एक छोटी विजेची मोटर करते. तिची तिकोनी खाच पेटीच्या दांड्यावर तीन तऱ्हांनी बसते, पण त्यातली एकच बरोबर. ती कळावी म्हणून मोटरवर पिवळ्या रंगाचा ठिपका असतो आणि पेटीवर पिवळी रेघ. दोन्ही समोरासमोर आले की झालं. तिच्या आग्रहाखातर बसवताना मामाने मोटर एक घर चुकवली होती. ठिपका रेघेपासून दूर, चांगला ठसठशीत दिसत होता. असा ठिपका कुणाच्या नजरेतून सुटतो तरी कसा, हेच तिला कळेना. मामाला तिने पेटी उतरवण्याचं खोटंच कारण सांगितलं, तेल गळतंय.

"मामा," ती म्हणाली.

"हं. सगळे बोल्ट एकाच मापाचे, लक्षात आलं का?" मामाने झाकण केव्हाच सैल केलं होतं. "बाहेरचे झाडून सगळे. एक पाना खिशात असला की पेटी उघडते. तुझ्या त्या खेळण्याला किती पाने लागले?"

"पाच."

"पाच! आणि वर ती मोटर, त्या वायरी, ते सेन्सर." त्याने नाक मुरडलं, मग स्वतःच नरमला. "तसं वाईट नाही ते. आवाज करत नाही. मागे पोर झोपलं असलं तर जागं होत नाही. ही बया चालली की दातांतून शिट्टी वाजते. कसंय पोरी, सिव्हिलवाला विचार करतो गाडीत बसलेल्याचा. मिलिटरीवाला विचार करतो गाडीखाली झोपलेल्याचा."

तो बोलत होता आणि हात चालत होते. झिजलेलं बेअरिंग निघालं. पुसलेला शाफ्ट कापडावर आडवा झाला. भाची त्याच्या हातांकडे पाहत राहिली. सकाळी पेपर तिलाच मोठ्याने वाचायला लावणारा, 'तुझे उच्चार सुधारतील' म्हणणारा मामा इथे आला की वीस वर्षांनी लहान व्हायचा. तिने पुन्हा वाक्य जुळवलं, श्वास घेतला, आणि तेवढ्यात डोक्यावरचा बल्ब गेला.

वारा शटरवर आपटत होता, त्यात बल्ब गेल्याचा एवढासा आवाज बुडून गेला. शटरखालून येणारी उजेडाची रेघ दाराशीच संपली होती. टेबलावर काळोख. ती "अरे" म्हणणार होती.

पण मामाचे हात थांबले नव्हते.

तिला ते दिसत नव्हते, ऐकू येत होते. नवं बेअरिंग जागेवर गेल्याचा टक्क आवाज आला. मग शाफ्ट सरकला. मग कापडावरून बोट फिरल्याची खसखस, आणि पाना बोल्टवर बसल्याचा तो नेमका, छोटा खटका.

"हीच पेटी ब्लॅकआऊटमध्ये लावायचो," मामा सांगत होता, आवाजात काही म्हणजे काही फरक नाही. "काडीसुद्धा ओढायची नाही, असा हुकूम. वर विमानं. हात थरथरतायत, कुणाचे नाही थरथरत? आणि पेटी लावायची. झाकणाच्या दोन खुंट्या बघ, एक जाड, एक बारीक. उलटं बसवीन म्हटलंस तरी बसणार नाही. लिव्हरचा काटा बघ, एका बाजूला खाच आहे. अंगठा फिरवला की कळतं. रंगाबिंगाचं काम नाही. पंच मारून खूण केलेली, हाताला कळेल अशी."

तिने अंधारात हात पुढे केला. बिडाच्या गार कडेवरून बोटं सरकली आणि एका खुंटीला लागली. जाड. दुसऱ्या कोपऱ्यात दुसरी, बारीक. काट्यावरची खाच तिच्या अंगठ्याखाली अलगद आली, जणू तिचीच वाट पाहत होती. कुणीतरी, कधीतरी, कुठल्या तरी टेबलाशी बसून हा विचार केला होता, की घाबरलेल्या माणसाच्या हातून किती तऱ्हांनी चूक होऊ शकते. आणि एकेक करून त्या सगळ्या वाटा बुजवून टाकल्या होत्या. त्याचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. तिला त्या माणसाचे पाय धरावेसे वाटले.

"आणि हे बेअरिंग," मामाने दुसरं बेअरिंग उचलून तिच्यासमोर धरलं असावं, कारण तेलाचा वास एकदम जवळ आला. "बघ, बघ कसं चमकतंय."

काळोख होता. तिला स्वतःचा हात दिसत नव्हता.

"हो मामा," ती म्हणाली. "खूप चमकतंय."

मग पेपर आठवला. जिन्यावर कठडा धरून उतरणं, चहाच्या कपाच्या काठावर ठेवलेलं बोट, 'डोळे ठणठणीत आहेत, तू तुझे तपास' म्हणून उडवलेली टर, सगळं एकापाठोपाठ आठवलं. चार महिन्यांपासून तो सिव्हिलच्या पेट्यांना खेळणी म्हणून हात लावायचं टाळत होता. तिला वाटायचं, म्हाताऱ्याला मिजास चढली. आणि आता बल्ब गेल्याचंही त्याला कळलं नव्हतं.

शटर घडघडत वर गेलं. दवाखान्याचा ड्रायव्हर धुळीने पांढरा होऊन दारात उभा होता.

"अरेच्चा! अंधारात काय करताय दोघं?"

मामाचे हात पहिल्यांदाच थांबले. ड्रायव्हरला काही कळायच्या आत, एका श्वासाच्या अवकाशात, मामाची मान वर बल्बच्या दिशेने वळली आणि पुन्हा खाली आली.

"मग? ब्लॅकआऊट आहे," तो म्हणाला. "भाचीची परीक्षा घेतोय."

"पास झाली का?"

"पेपर चालू आहे अजून."

ड्रायव्हर हसला. भाचीही हसली. तिने स्टुलावर चढून नवा बल्ब लावला. ड्रायव्हरला गुरुवारी पुन्हा नदीपलीकडे जायचं होतं, म्हणजे परवा. उद्या दुपारी ये, असं तिने सांगितलं. पाठ केलेलं वाक्य त्या दिवशी राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा पेपर आणायला कोपऱ्यावर गेला, तेव्हा ती एकटी आधी वर्कशॉपमध्ये येऊन बसली. दवाखान्याची पेटी तिने रात्रीच्या जेवणाआधीच जोडून ट्रकखाली चढवली होती. राहिली होती फक्त मोटर. तिने बारीक तिकोनी कानस काढली. पेटीच्या कडेला, बरोबर पिवळ्या रेघेवर, एक खाच पाडली. मग मोटरच्या ठिपक्यावर दुसरी. डोळे मिटून अंगठा फिरवून पाहिला. पहिली खाच जरा जास्तच खोल गेली होती. बाहेर मामाच्या चपला वाजल्या, तशी तिने कानस घाईने खणात टाकली.

"मामा, ती मोटर तेवढी बसवतोस? मला वायरिंग बघायचंय."

मामा पेपरची घडी हातात धरून उभा राहिला.

"तूच बसव. त्या खेळण्यांत माझं मन नाही लागत."

"बसव ना. माझे हात अडकलेत."

तिचे हात मोकळे होते. मामाने पेपर ठेवला, गुडघ्यांना शिव्या घालत फळीवर आडवा झाला आणि ट्रकखाली सरकला. ती शेजारी उकिडवी बसून विनाकारण एक वायर पुसत राहिली. मोटर दांड्यावर टेकली, फिरली, पुन्हा फिरली. मग तिने पाहिलं, त्याचा अंगठा पेटीच्या कडेवर थांबला होता.

तो तिथेच राहिला. एकदा पुढे गेला, एकदा मागे आला. मग मोटरच्या कडेवर गेला आणि तिथलीही खाच त्याला सापडली.

"सिव्हिलवाल्यांना अक्कल आली म्हणायची," मामा ट्रकखालून म्हणाला.

"नवा माल आहे," ती म्हणाली.

"असेल, असेल."

दोन खाचा समोरासमोर आल्या. पाना बोल्टवर बसला.

दुपारी ड्रायव्हर आल्यावर त्यांनी ट्रक वर्कशॉपमागच्या उतारावर नेला. भाची मागे चढली आणि नर्सा बसतात त्या बाकावर बसली. ड्रायव्हर नको नको म्हणत असताना तिने सांगितलं, बटण लो, पहिला गिअर, इंजिन बंद, आणि आता ब्रेकवरून पाय काढ. ड्रायव्हरने डोळे मिटले आणि पाय काढला. ट्रक बोटभर मागे झाला, पेटीत काहीतरी घट्ट धरल्याचा आवाज झाला, आणि तो तसाच चढावर उभा राहिला. खाली मामा मान वाकडी करून तो आवाज ऐकत होता. त्याने हात वर करून ठीक असल्याची खूण केली, पण ट्रक होता त्याच्या जरा डावीकडे बघून.

ट्रक गेला. मामा हत्यारं आवरायला लागला. पाने मापाने लावले, पुसून खणात ठेवले. मग बारीक कानस हातात आली. त्याने तिच्या दातांवरून अंगठा फिरवला, अगदी सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"पोरी."

"हं?"

"हिच्या दातांत अॅल्युमिनियम अडकलंय." त्याने खणातून ब्रश घेतला आणि कानस साफ करायला बसला. "काय शिकवलं होतं? एक मार्क कापला."