मसाटचं निळं पिंप

फुकट ते पौष्टिक म्हणतात ना, त्याच हिशेबाने सुकदेवने मसाटच्या रंगाच्या कारखान्यातून एक रिकामं निळं पिंप घरी आणलं. डोकमर्डीच्या त्यांच्या चाळीत नळाला धड पाणी येईल तर शपथ! मग प्यायला साठवायचं कशात? त्याने पिंप राखेने खसखसून घासलं, उन्हात पालथं घातलं. वास गेला. आणि वास गेला म्हणजे विष गेलं, असं तो एकटाच नाही, अख्खी चाळ मानायची. दारोदारी तीच पिंपं.

आज पहाटेपासून त्याची सोनी ओकत होती. चार वर्षांचं ते पोर, मलूल होऊन पडलं. बायकोने, कलाबाईने, मीठ-मिरच्या ओवाळून दृष्ट काढली. सुकदेवला तेवढ्याने चैन पडेना. उलट्या-जुलाबांत साखर-मिठाचं पाणी द्या, असं रेडिओवर सारखं सांगायचे. "घोट घोट पाजत राहा, थांबू नको," असं बायकोला बजावून तो कामावर गेला.

दुपारी डबे सोडले तेव्हा पुण्याहून आलेले इंजिनिअर विजयसाहेब पेपर घेऊन आले. जवळच्या खेरडी गावात असल्याच पिंपातलं पाणी पिऊन दोन बैल मेल्याची बातमी होती.

"वास जातो रे, पण केमिकल प्लास्टिकात मुरतं. मग हळूहळू पाण्यात उतरतं," साहेब म्हणाले. "तुमच्यापैकी कुणाच्या घरी आहे का?"

सगळ्यांनी माना खाली घातल्या. सुकदेवच्या काळजाचं पाणी पाणी झालं. पाजत राहा, थांबू नको. अरे मेल्या, तूच सांगून आलास ना!

सायकल कुणाची उचलली ते त्याचं त्यालाही कळलं नाही. पाय पायडलवरून निसटत होते. आता एक घोट गेला असेल, आता आणखी एक, एवढंच त्याच्या डोक्यात. नवस बोलावा म्हटलं तर एक देव आठवेल तर शपथ. इतका तो आयुष्यात कधी भ्याला नव्हता.

घरी सोनी भिंतीला टेकून बसली होती. डोळे खोल गेलेले, पण जिवंत होती. सुकदेवला हुंदकाच फुटला.

"आलात? बरं झालं बाई," कलाबाई म्हणाली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता, कपाळावर घाम. "पोरगी तोंडच उघडत नव्हती. मग तिला दाखवायला मी पेलाभर प्यायचे, तेव्हा कुठे ती घोट घ्यायची. आता माझ्याच पोटात ढवळतंय. जरा तुम्ही प्या तिच्यासमोर."

तिने भरलेला पेला पुढे केला. सुकदेवने पेला हिसकावून अंगणात भिरकावला.

त्याने सोनीला खांद्यावर टाकलं, बायकोचं मनगट धरलं आणि तो दवाखान्याच्या वाटेने धावत सुटला. पोरीच्या घशाला कोरड पडली होती. ती दोन्ही हात घराकडे पसरून पाणी मागत होती.