रविवारी तीन वाजता कोण येतं?

आमच्या ऑनलाइन गटात रोज निदान दहा प्रश्न येतात आणि त्यातल्या आठांना काही अर्थ नसतो. 'गेम संपला की पोटात खड्डा का पडतो?' 'ज्या गेमचा कंटाळा आलाय तोच मी रोज का उघडतो?' 'बायको म्हणते वय झालं आता, तुम्ही काय उत्तर देता?' बँकेतल्या एका गृहस्थांनी तर विचारलं होतं की, गेममध्ये आपल्या हातून घोडा मेला आणि दोन दिवस जेवण गेलं नाही, हे बरोबर आहे का. मी त्यांना लिहिलं, जेवण गेलं नाही ते ठीकच झालं, आधी घोडा कसा मेला ते सांगा.

उत्तरं देण्याचं काम मला कुणी दिलेलं नाही. माझ्या जिभेला हाड नाही, एवढंच. पोटापाण्यासाठी मी कवळ्या बनवते. दातांचे डॉक्टर साचे पाठवतात, मी मेणाच्या पट्टीवर एकेक दात बसवते, चावा जुळतो का बघते, शेवटी घासूनपुसून चमकवते. हे एकदा गटात बोलून गेले आणि तेव्हापासून सगळे मला कवळीताई म्हणतात. खरं नाव कुणाला माहीत नाही. तेच बरं आहे, कारण ज्यांना मी झापते त्यातले दोघे-तिघे आमच्या डॉक्टरांचे पेशंट असणार असा मला दाट संशय आहे.

आमचा गट तसा एकाच गेमचा आहे, बाकीच्या गेमची दुखणीही लोक तिथेच आणतात. एका बेटावर एक दीपस्तंभ आणि दोन माणसं. लाकडं गोळा करायची, फुटक्या होड्या दुरुस्त करायच्या, वरचा दिवा विझू द्यायचा नाही. शत्रू नाही, मारामारी नाही, बोलायची सोयसुद्धा नाही. हात हलवता येतो, बोट दाखवता येतं, बसता येतं, वाकता येतं आणि हातातली वस्तू दुसऱ्याला देता येते. बस्स. प्रत्येकाला सुरुवातीला एक कंदील मिळतो. तो एकदा दिला की दुसरा मिळत नाही. मग काळोख पडला की दुसऱ्याच्या मागोमाग चालायचं.

हा गेम मी आणि माझी धाकटी बहीण खेळायचो, दर रविवारी दुपारी तीन ते पाच. ती तिच्या गावी, मी माझ्या. आई तेव्हा माझ्याकडे होती, अंथरुणाला खिळलेली. धाकटी म्हणाली, दोन महिने मी नेते. मी म्हटलं, तुला जमणार नाही. ती पुन्हा म्हणाली, मी पुन्हा तेच म्हटलं. आणि त्याच दोन महिन्यांत आई गेली.

सगळं आटोपल्यावर दारात चपला घालताना धाकटी म्हणाली, "तू मला आई दिलीच नाहीस."

मी म्हणाले, "मी केलं म्हणून एवढी तरी जगली." हे खरं होतं आणि बोलायचं नव्हतं. त्यानंतर मी तिला तीन वेळा फोन केला, तिने एकदाही उचलला नाही. मग मीही फुगून बसले. मोठी असले म्हणून काय झालं, राग काय फक्त धाकट्यांनाच असतो?

पण रविवारी तीन वाजले की हात आपोआप टीव्हीकडे जायचा. मी गेम उघडायची आणि किनाऱ्यावर उभी राहून तासभर हात हलवत राहायची. पहिल्या रविवारी कुणी आलं नाही. दुसऱ्याही नाही. तिसऱ्या रविवारी लाल टोपी घातलेली तिची बाहुली किनाऱ्यावर उगवली, इकडेतिकडे दोनदा धडपडली आणि तिने हात हलवला. मी ढसाढसा रडले. तोंडाने बोलत नाही तर नको बोलू, म्हटलं, हाताने तरी बोललीस.

पुढच्या महिन्यात मी तिला माझा कंदील दिला. ही माझी माफी होती. जो हा गेम खेळतो त्याला कंदील देण्याचा अर्थ सांगावा लागत नाही. तिने तो घेतला आणि कमरेत वाकली. माझ्या लेखी प्रकरण मिटलं. फोन मग मी मुद्दामच केला नाही. भरलेल्या जखमेची खपली कशाला काढा?

तीन वर्षं आम्ही अशा खेळलो. आणि धाकटी किती बदलली होती! आधी धावत सुटायची, लाकडं वाटेल तिथे टाकायची, माझं ऐकायची नाही. आता लाकडं एकावर एक नीट रचून ठेवायची. मी मागे पडले की थांबायची. मी पाण्यात पडले की मला काढायला स्वतः उडी मारायची आणि मग आम्ही दोघी बुडायचो. मी आमच्या ह्यांना म्हटलं, "धाकटी पोक्त झाली हो. तिची सावकाशी बघा जरा." हे पेपरातून मान वर न करता म्हणाले, "टीव्हीतली ना?"

गटातही मी छातीठोकपणे लिहायची. खेळात माणसाचा मूळ स्वभाव उघडा पडतो, माझ्या बहिणीला मी शंभर जणांत नुसत्या चालीवरून ओळखीन, वगैरे.

गेल्या महिन्यात 'नवशिकी' नावाच्या कुणीतरी प्रश्न टाकला. 'मी दुसऱ्याच्या खात्यावरून खेळते. ज्या बाईंबरोबर खेळते त्यांना वाटतं मी ती दुसरीच आहे. सुरुवात चुकून झाली, पण आता फार दिवस झाले. त्यांचा जीव जडलाय आणि माझाही. सांगावं की नाही?'

लोकांनी गोडगोड उत्तरं दिली होती. दोघींना आनंद मिळतोय ना, मग झालं, असली. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी लिहिलं, 'आनंद कसला, ही चोरी आहे. समोरची बाई खुळी असेलही, म्हणून तिला अंधारात ठेवायचं का? तिने तुमच्यापाशी जे मन मोकळं केलं ते भलत्याच माणसापाशी केलं. या रविवारच्या आत सांगा.' चारशे लोकांना पटलं. रविवार मी का लिहिला कोण जाणे. माझ्या डोक्यात गेम म्हटलं की रविवारच येतो.

त्या रविवारी लाल टोपी तीनला हजर झाली, पण हात हलवला नाही. सरळ माझ्यासमोर आली, कंदील माझ्या पायाशी ठेवला आणि दोन पावलं मागे सरकली. मी तो उचलून परत दिला. तिने परत ठेवला. धाकटी माफी परत करतेय, म्हटलं. तीन वर्षांनी? आणि आता मी काय केलं? मी आठवू लागले, गेल्या रविवारी लाकडांवरून मी जरा जास्त बोट दाखवलं होतं का?

तेवढ्यात फोन वाजला. धाकटीच्या सासूचं नाव बघून मला वाटलं, चुकून लागला असेल.

"मोठी ना? मी धाकटीची सासू बोलतेय. टीव्हीत तुमच्यासमोर उभी आहे ना, ती मीच."

मी टीव्हीकडे बघितलं. लाल टोपीने हात हलवला.

"म्हणजे आज?" मी विचारलं.

"आज कसलं, पहिल्यापासून. तुमचं ते सगळं झालं तेव्हा सुनेने हा खेळ सोडला. मी गुडघ्याचं ऑपरेशन होऊन पडलेली. मालिका लावायला गेले आणि हे लागलं. बघते तर तुम्ही समुद्रावर उभ्या, आपला हात हलवताय, हलवताय. मला बघवेना हो. मी दिसेल ते बटण दाबलं, तर माझा पण हात हलला."

"पण मी कंदील दिला तेव्हा?"

"मला वाटलं, तुम्हाला जड झाला."

"मग तुम्ही वाकलात कशाला?"

"कुणी काही दिलं की वाकावं, एवढं कळतं मला."

मी नको तेच विचारत सुटले. पाण्यात उडी कोण मारायचं? त्याच. लाकडं कोण रचायचं? त्याच, पसारा त्यांना बघवत नाही. धाकटीला हे माहीत आहे का? नाही. तिला सांगितलं असतं तर तिने बंद करायला लावलं असतं आणि मग तुम्ही पुन्हा तिथे एकट्या. रविवारी दुपारी ती शेजारच्या खोलीत पडदे शिवत बसते, मशीनच्या आवाजात तिला काही ऐकू जात नाही.

"मग आज का सांगितलंत?" माझा आवाज चढला होता.

"मी एका गटात विचारलं होतं. तिथे कोणी कवळीताई आहे, फार फाडफाड बोलते. तिने मला चोर म्हटलं. रात्रभर झोप नाही लागली बघा. पण बरोबर आहे तिचं."

मी फोन ठेवला. कवळीताई कोण हे सांगायची छाती झाली नाही.

पुढचे सहा दिवस माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. मंगळवारी एका आजोबांच्या वरच्या कवळीत मी डावीकडचे दात उजवीकडे बसवले, आणि ते नीट बसत का नाहीत म्हणून अर्धा तास साच्याला नावं ठेवली. मेणात होते म्हणून निभावलं. वीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

राग कुणावर काढावा तेच ठरेना. म्हातारीवर काढायला जावं, तर ती डोळ्यांसमोर यायची आणि मला काढायला पाण्यात उडी मारायची. पोहता येत नसताना. मग माझी मैत्री झाली ती कुणाशी? पोक्त झाली, सावकाश झाली, मोठ्या मनाची झाली, असं जे जे मी तीन वर्षं धाकटीबद्दल बोलले, ते सगळं तिच्या सासूबद्दल होतं. मग धाकटी कशी आहे? तिला चष्मा लागला का, हेसुद्धा मला माहीत नव्हतं. आणि माझी माफी? ती मी दिली होती, समोरून घेतलीही गेली होती, तरी जिची होती तिला ती पोचलीच नव्हती. तिच्या बाजूने बघायचं तर मी तीन फोन करून गप्प बसलेली बहीण होते. बाकी काही नाही.

मी गटात प्रश्न लिहायला घेतला आणि तीनदा खोडला. नेमकं काय विचारायचं होतं तेच मला कळत नव्हतं. शेवटी मी ह्यांना विचारलं.

हे म्हणाले, "तिला फोन कर."

"उचलला नाही तर?"

"मग काय, टीव्हीवर तिची सासू आहेच."

रविवारी तीन वाजता मी टीव्ही लावला नाही. फोन लावला. रिंग जात राहिली. मी ठेवणारच होते, तेवढ्यात पलीकडून शिलाई मशीनचा आवाज आला आणि थांबला.

"काय झालं?" धाकटी म्हणाली. तीन वर्षांनी पहिला शब्द. "कुणाला काही झालं का?"

"नाही. सगळे ठीक आहेत."

"मग?"

मी दोन दिवस पाठ केलेलं सगळं विसरले. "मी तुला आई द्यायला हवी होती," मी म्हटलं. "तुला जमलं असतं. माझ्याच्याने तिला सोडवत नव्हतं आणि मी कारण तुझं पुढे केलं."

ती फोन ठेवेल या भीतीने मी बाकीचं सगळं सांगून टाकलं, उलटसुलट, कंदील आधी आणि गुडघे नंतर. तिला ओ की ठो कळलं नाही.

"सासूबाई तुला भेटायच्या? कुठे?"

"समुद्रावर. अगं, गेममध्ये. तुझ्या टोपीत."

"कधी?"

"दर रविवारी. तीन ते पाच."

तिने फोन मशीनवर ठेवला असावा, खट्ट आवाज आला. पावलं गेली. दार उघडलं. लांबून म्हातारीचा आवाज आला, "अगं, मोठी आज आल्याच नाहीत अजून. तीन वाजून गेले." मी फोन कानाला इतका घट्ट दाबला होता की कान दुखायला लागला.

धाकटी परत आली. तिचा श्वास ऐकू येत होता.

"ताई," ती म्हणाली, "तीन वर्षं तू दर रविवारी माझ्या घरात येत होतीस. मी भिंतीपलीकडे बसले होते. तुम्हा दोघींतल्या एकीनेही मला हाक मारली नाही."

"आता मारतेय," मी म्हटलं.

ती रडायला लागली, पण तिने फोन ठेवला नाही.