छपरावरचं अंजीर

सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिराच्या, छपरावर सोलर पॅनेल बसावेत म्हणून तिथल्या धर्मवर्गाच्या मास्तरीणबाईंनी तीन वर्षं जिवाचं रान केलं होतं. मागच्या अंगणात डिझेलचा जनरेटर धूर ओकायचा आणि आत समितीची हीच मंडळी देवाच्या सृष्टीचे गोडवे गायची! शेवटी नाकी नऊ आणून समितीचा होकार मिळाला, तर आडवं आलं अंजिराचं झाड. छपरावर सगळी त्याचीच सावली.

"तोडा," बाई म्हणाल्या.

"तोडा?" समितीचे अध्यक्ष, म्हणजे बाईंचे सख्खे मामा, खुशीत आले. जनरेटर त्यांनीच आणला होता. "अगं, शत्रूच्या शहराला वेढा घातला तरी फळझाडावर कुऱ्हाड चालवू नये, असं आपलं धर्मशास्त्र सांगतं. दर सभेत कोण ऐकवायचं हे आम्हाला?"

बाईच ऐकवायच्या. त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

धर्मगुरूंनी, म्हणजे रब्बींनी, तोडगा काढला. झाड फळत नसेल तर तोडायला हरकत नाही. खाली अंजीर पडलेलं कित्येक वर्षांत कुणी पाहिलं नव्हतं.

"वर जाऊन बघून ये, पोरी. तू सांगशील ते आम्हाला मान्य," रब्बी म्हणाले.

बाई शिडीवरून छपरावर गेल्या. त्या बाजूची फांदी पिकल्या अंजिरांनी वाकली होती. पाखरंच सगळी फस्त करत होती, खाली पडणार कुठून?

बाईंना रडू फुटायचं तेवढं बाकी होतं. या मेल्या झाडाने त्यांच्याशीच दावा मांडला होता. पण खालून काहीच दिसत नव्हतं. 'काही नाही' एवढं म्हटलं की काम फत्ते. तेच म्हणायचं ठरवून त्यांनी रागारागाने एक अंजीर तोडलं आणि तोंडाशी नेलं.

पण लहानपणापासूनची सवय! फळ खाण्याआधी म्हणायची स्तुती आपोआप तोंडातून बाहेर पडली, तीही वर्गात शिकवायच्या खणखणीत आवाजात. फळ हातात असल्याशिवाय ती कुणी म्हणत नाही.

"आमेन!" खालून दोघं एकदम म्हणाले.

मामांना हसू फुटलं.

"खा आता," रब्बी म्हणाले. पॅनेल त्यांनाही हवे होते, त्यामुळे आवाज उतरला होता. "स्तुती म्हटलीस, ती वाया जाऊ देऊ नये."

बाईंनी खाल्लं. अंजीर फार गोड होतं, आणि त्याचाच त्यांना सगळ्यात जास्त राग आला.