आकडा आणि नखं

आयसीयूतल्या पडद्यावरचा प्रेशरचा आकडा वर चढला आणि घड्याळजींच्या बायकोचा जीव भांड्यात पडला. तिने लगेच धाकट्या दिराला फोन लावला. "प्रेशर आलं बरं का भावजी! सुटलो!" पोटातले जंतू रक्तात शिरून सकाळी नवऱ्याचं प्रेशर पार तळाला गेलं होतं, तेव्हा एवढा आनंद तिला माफ होता. पण हिला आनंदाची फार घाई.

मग तिने त्यांचा हात हातात घेतला. बोटं गार, निळसर. डॉक्टरीणबाई करायच्या तसं तिने नख दाबून सोडलं. पांढरं पडलेलं नख पुन्हा गुलाबी व्हायचं नावच घेईना.

"डॉक्टर, आकडा चांगलाय ना? मग हे काय?" तिने खाटेशी आलेल्या डॉक्टरीणबाईंना विचारलं.

"तो आकडा मोठ्या रक्तवाहिन्यांचा. या पंपातून जातंय ते औषध त्यांना आवळून धरतं, म्हणून प्रेशर टिकतं. पण पार बारीक वाहिन्यांतही रक्त पोचेलच असं नाही." त्यांनी घड्याळजींची बोटं चाचपून पाहिली. "बोटं जाऊ शकतात."

"मग कमी करा की ते औषध! अहो, याच बोटांनी ते केसाएवढी स्प्रिंग बसवतात. हात गेले तर मी गेलोच, म्हणतात ते."

"थोडं उतरवून बघू."

औषध उतरवलं. नखावर जरासा रंग आला, आणि आकडा घसरायला लागला तो घसरतच गेला. सलाइनही आणखी देता येईना, छातीत पाणी भरलं असतं. खोलीचं दार सताड उघडं होतं, पण तिला चारी बाजूंनी कोंडल्यासारखं झालं. डॉक्टरीणबाईंचा हात पंपाकडे गेला, त्याआधी तीच ओरडली, "वाढवा! वाढवा हो!"

आणि तिला स्वतःचाच भयंकर राग आला.

काही दिवसांनी घड्याळजींच्या घशातली नळी निघाली. डोळे उघडून त्यांनी आधी बायकोकडे नाही, भिंतीकडे बघितलं.

"ते घड्याळ मागे पडतंय," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "काढून दे खाली. नाहीतरी पडूनच आहे मी."

"आधी बरे व्हा."

"अगं, दोन मिनिटांचं काम. हात सोड बघू."

चादरीखाली त्यांची काळी पडलेली बोटं तिने मुठीत झाकून धरली होती.

"सोड ना. पळून जातोय का मी?"

"थांबा हो जरा," ती म्हणाली, आणि तिने मूठ आणखी आवळली.