ओल्या पानांवरची वही

मी एक दोनशे पानी वही. सात रस्त्याजवळच्या दुकानात बिलबुकांच्या खाली पडून होते, तिथून चैतालीने मला उचललं. जाड हवी, दुसरं पुस्तक मावलं पाहिजे, असं ती दुकानदाराला म्हणाली. त्याला काही कळलं नाही. मी मात्र फुलून गेले. पुस्तक पोटात कसं वाढतं, हे बघायचं मला भारी कुतूहल.

चैताली एका कचेरीत कारकून. तिचं पहिलं पुस्तक वडिलांवर, गिरणी कामगार भीमा यांच्यावर. ते वाचलेले लोक तिला रस्त्यात थांबवून आता पुढचं काय, असं विचारायचे. प्रकाशकांनीही तेच विचारलं, वर सोमवारपर्यंत आराखडा मागितला. मग चैतालीबाईंनी शाईच्या पेनाने माझ्या पहिल्या आठ पानांत बारा प्रकरणं आखली. गिरणी, भोंगा, संप, पुन्हा गिरणी. खरं सांगू का, मला ते शिळं वाटलं. पण वहीला विचारतो कोण!

रविवारी चैताली बाजारात गेली. घरी तिची आई, नागूबाई. चाळीस वर्षं बिड्या वळतेय. बिडीची पानं भिजवून ओल्या पोत्यात दाबून ठेवली, तरच ती न फाटता कापता येतात. दाबायला पाट काही सापडेना. नागूबाईला वाचता येत नाही. तिने माझी जाडी चाचपली, मला पोत्यावर ठेवलं आणि माझ्या डोक्यावर वरवंटा.

चैताली परतली तोवर ओलीने शाई पसरून बाराही प्रकरणं एकमेकांत मिसळली होती. उद्या सोमवार. ती आईला नको ते बोलली. नागूबाईने सगळं ऐकून घेतलं आणि मला पदराने पुसत विचारलं,

"माज्याबद्दल काय हुतं का ह्यात?"

"नव्हतं."

"मग माजं काय न्हाय गेलं की."

पहिल्या पुस्तकात आई दोनदाच येते, दोन्ही वेळा भाकरी घेऊन. ओशाळून चैतालीने विचारलं, तुझ्याबद्दल काय लिहू?

नागूबाईने हातातली बिडी पुरी केली. बिडीचं तोंड मोडून बंद करायची प्रत्येक बाईची तऱ्हा वेगळी, त्यामुळे आपली बिडी आपल्याला कुठेही ओळखू येते, असं तिने सांगितलं. एकदा एसटी स्टँडवर एक म्हातारा तिचीच बिडी ओढत बसला होता. तिची वेळापूरची गाडी सुटली, तरी ती बघत उभी राहिली.

"बोललीस त्याला?"

"काय बोलायचं? बिडी मधी इजली न्हाय. लई बरं वाटलं."

आपलं पुस्तक वाचणारा एखादा अनोळखी माणूस दिसावा, म्हणून चैताली वर्षभर त्याच स्टँडवर मान वळवून बघत होती. तिला रडू आलं. ते तिने लपवलंही नाही.

आराखडा भिजला आणि पुस्तकही बदललं, असं तिने सोमवारी प्रकाशकांना कळवलं. ते नाराज झाले. छापतीलच असं नाही.

आता रोज संध्याकाळी ती लिहिते आणि आईला वाचून दाखवते. कारखान्यातला चेकर खराब बिडी छाट म्हणून बाजूला टाकतो, तशी नागूबाई खोट्या ओळीला "छाट" म्हणते. माझी निम्मी पानं अशीच गेली आहेत. उरलेल्यांत काय येईल, याची मला रोज उत्सुकता असते.

माझं अंग वाकडं झालंय, तंबाखूचा वास काही जात नाही. पुस्तक झालं की मी रद्दीत जाणार, ते मला मान्य आहे. एकच मागणं आहे. कधी स्टँडवर ते पुस्तक वाचत बसलात आणि जरा लांब एखादी बाई टक लावून उभी दिसली, तर गाडी आली तरी ते मध्येच मिटू नका.