संक्रांतीच्या तोंडावर माझी वाचा गेली

मित्रांनो, माझ्या कळांवरची निम्मी अक्षरे पुसून गेली आहेत आणि झाकण उघडले की माझे बिजागर कुरकुरते. यावरून तुम्ही ओळखलेच असेल की मी एक जुना, वापरून वापरून झिजलेला लॅपटॉप आहे. पण तब्येतीचे रडगाणे गायला मी बसलेलो नाही. गेल्या संक्रांतीला आमच्या घरी जे घडले, ते सांगितल्यावाचून मला राहवत नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथले मला फारसे आठवत नाही. आठवते ते मिरजेतले दुकान, जिथून उमाकांत साहेबांनी मला घरी आणले. साहेब विमा कंपनीत अधिकारी. पहिली काही वर्षे माझे फार लाड झाले. माझ्यावर धूळ बसू नये म्हणून साहेबांच्या पत्नी मधुमतीबाईंनी जुन्या साडीचे झाकण शिवले होते. पाहुणे आले की साहेब मला मुद्दाम उघडून दाखवत. मग त्यांना ऑफिसातून नवा, सडपातळ लॅपटॉप मिळाला आणि माझी रवानगी कपाटाच्या माथ्यावर झाली. तिथे मी, एक चेपलेला आकाशकंदील आणि लग्नाच्या कॅसेटी, असे आम्ही एकमेकांची तोंडे बघत पडून असायचो.

मला तिथून खाली काढले ते साहेबांच्या मुलीने, अनुयाने. तिला जन्मापासून दिसत नाही. तेव्हा ती नुकतीच कॉलेजात जाऊ लागली होती.

"बाबा, तो जुना लॅपटॉप मला द्या," ती म्हणाली.

"तुला काय करायचाय तो? मी वाचून दाखवतो ना सगळं."

"तुम्ही ऑफिसला गेल्यावर कोण वाचणार?"

साहेबांनी मला तिच्या हवाली केले. अनुयाने माझ्यात एक प्रोग्रॅम घालून घेतला. पडद्यावर जे जे उमटेल ते हा प्रोग्रॅम मोठ्याने वाचून दाखवतो. मित्रांनो, इतकी वर्षे मी मुका होतो. त्या दिवशी मला वाचा फुटली. अनुया मला इतक्या वेगाने बोलायला लावायची की दुसऱ्या कुणाला एक शब्द कळू नये. साहेब म्हणायचे, "कढईत चणे फुटल्यासारखं वाटतं. यातून तुला काय समजतं, देव जाणे." पण तिला सगळे समजे. पुस्तके, परीक्षा, मैत्रिणींचे निरोप, सगळे ती माझ्या तोंडून ऐके. कळांवरची अक्षरे पुसली गेली तरी तिचे काही अडले नाही. तिची बोटे त्या अक्षरांना कधी विचारायला गेलीच नव्हती.

पुढे साहेबांची जयपूरला बदली झाली आणि आम्ही प्रताप नगरात राहायला आलो. इथे बँकेतली, सैन्यातली अशी बदलीवर आलेली पुष्कळ मराठी कुटुंबे आहेत. त्यांची मुले हिंदीत भांडतात, इंग्रजीत अभ्यास करतात आणि आई रागावली तरच मराठीत उत्तर देतात. अनुयाने दर रविवारी त्यांना गोळा करायला सुरुवात केली. गोष्टी सांगता सांगता तिने मुलांची एक श्रुतिका बसवली. श्रुतिका म्हणजे डोळ्यांनी न बघता कानांनी ऐकायचे नाटक. तिचे नाव होते 'पतंग पळाला'. मैत्रेयी पतंग झाली होती. संकेत मांजा झाला होता. मधुमतीबाई झाल्या होत्या एक चिडकी आजी, जिच्या वाळवणावर पतंग जाऊन पडतो. मैत्रेयी एका ठिकाणी म्हणते, "मला भूक लागला." तो 'लागला' अनुयाने तसाच ठेवला. पतंगाला कुठे व्याकरण येते, असे तिचे म्हणणे.

सगळ्यांचे आवाज तिने माझ्या पोटात साठवले आणि कानांनी ऐकून ऐकून एकाला एक जोडले. संक्रांतीच्या संध्याकाळी मराठी मंडळाच्या तिळगुळाच्या कार्यक्रमात ही श्रुतिका ऐकवायची होती. फक्त शेवटचा प्रवेश जोडायचा राहिला होता.

आदल्या दिवशी दुपारी माझ्यात एक अपडेट आला. अपडेट म्हणजे आमचे औषधपाणी, ते अधूनमधून होतच असते. मी बंद झालो, पुन्हा सुरू झालो, आणि नेहमीप्रमाणे अनुयाला "स्वागत" म्हणायला गेलो. आवाज फुटेना. अनुयाने कळा दाबल्या. मी पडद्यावर सगळे दाखवत होतो, पण तिला त्याचा काय उपयोग? माझा माइक शाबूत होता, त्यामुळे तिचा शब्द न् शब्द मला ऐकू येत होता. उत्तर मात्र देता येत नव्हते.

"आई, हा बोलत नाहीये," ती म्हणाली. तिचा चेहरा पार उतरला होता.

साहेब ऑफिसातून आले ते बूटही न काढता मला पिशवीत घालून निघाले. अनुया सोबत होतीच. सोडाला भागातल्या दुरुस्तीच्या दुकानात रणजीतभैया नावाच्या कारागिरासमोर माणसांची झुंबड उडाली होती. दुसऱ्या दिवशी संक्रांतीची सुट्टी, त्यामुळे प्रत्येकाला घाई. त्यांनी मला उघडून भराभर पाहिले आणि साहेबांना विचारले, "इनका लॅपटॉप है? फॉर्मेट करना पड़ेगा. परसों ले जाइए."

फॉर्मेट म्हणजे माझ्या पोटातले सगळे पुसून मला कोरे करायचे. साहेबांनी मान डोलावली. "हां हां, कर दीजिए."

"नहीं भैया," अनुया म्हणाली. "मत कीजिए."

परतीच्या रिक्षात साहेब वैतागले होते. "अगं, रोजचं काम आहे त्याचं. त्याला कळत नाही का?"

"कळत असेल, बाबा. पण त्याने विचारलं तुम्हाला आणि हो म्हणालात तुम्ही. लॅपटॉप माझा आहे."

अनुयाने कानात इयरफोन घातला आणि घर येईपर्यंत मोबाइलला प्रश्न विचारत राहिली. लॅपटॉपचा आवाज अपडेटनंतर गेला तर काय करावे? ऐकता ऐकता तिच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग परत आला.

संक्रांतीच्या सकाळी जयपुरात घरात कुणी थांबत नाही. सगळे शहर गच्चीवर. एका गच्चीवरून ढोल, दुसरीवरून गाणी, आणि पतंग कापला की चहूकडून एकच आरोळी, "वो काटा!" साऱ्या शहराला कंठ फुटला होता आणि मी तेवढा गप्प. मधुमतीबाई स्वयंपाकघरात गुळाच्या पोळ्या लाटत होत्या. अनुयाने मला जेवणाच्या टेबलावर ठेवले आणि वडिलांना हाक मारली.

"बाबा, मोबाइलच्या कॅमेऱ्याने पडदा वाचून पाहिला, पण त्याला बारीक खुणा दिसत नाहीत. आज तुमचे डोळे मला द्या. बोटं माझी. मी कळ दाबेन, तुम्ही पडद्यावर येईल ते वाचायचं. सगळं. जसं असेल तसं."

आधी तिने मुलांचे आवाज पेनड्राइव्हवर सुरक्षित ठेवले. मग काम सुरू झाले.

"खाली कोपऱ्यात स्पीकरचं चित्र असेल."

"आहे. त्यावर लाल फुली आहे."

"तिथे गेल्यावर काय लिहून येतं?"

"काही नाही गं. नेहमीचं इंग्रजी."

"बाबा."

साहेबांनी चष्मा लावला. "लिहिलंय की आवाजाचं एकही साधन जोडलेलं नाही."

"आता मी साधनांची यादी उघडते. आवाजाच्या रांगेत काय दिसतं?"

साहेब एकेक ओळ वाचू लागले. कीबोर्ड, माऊस, कॅमेरा. मग थांबले. "इथे आवाजाच्या नावापुढे पिवळा त्रिकोण आहे. त्यात उद्गारचिन्ह."

अनुया खुर्चीवर बसल्या बसल्या हसली. "म्हणजे स्पीकर जिवंत आहे, बाबा. याला त्याचं नाव ठाऊक आहे. फक्त त्याच्याशी बोलता येत नाहीये. ड्रायव्हर बिघडलाय."

मित्रांनो, इथे ड्रायव्हर म्हणजे गाडी हाकणारा नव्हे. तो आमचा दुभाषा. जयपूरला आल्या आल्या मधुमतीबाई मंडईत 'कोथिंबीर' मागत आणि भाजीवाला नुसता बघत राही. मग अनुया मध्ये उभी राहून 'धनिया' म्हणे आणि जुडी पिशवीत पडे. तसाच माझा आणि माझ्या स्पीकरचा हा दुभाषा. आदल्या दिवशीच्या अपडेटने जुन्या दुभाष्याला घालवून नवा आणून बसवला होता, आणि त्या नव्याला माझ्या म्हाताऱ्या स्पीकरची बोलीच येत नव्हती.

"जुना ड्रायव्हर परत आणायचं एक बटण असतं," अनुया म्हणाली.

"आहे. पण फिकट दिसतंय."

"म्हणजे ते चालणार नाही." साहेबांना वाटले, संपले सगळे. पण तिने दुसरी वाट काढली. "याच्या पोटात आधीपासून कोणते ड्रायव्हर आहेत त्याची यादी मागते. किती दिसतात?"

"दोन. दोन्ही सारखेच आहेत."

"सारखे कसे असतील? शब्द न् शब्द वाचा."

साहेबांनी पडद्याला नाक लावले. मग त्यांच्या आवाजातच बदल झाला. "नाही, सारखे नाहीत. एकाच्या नावात कंपनीचं नाव आहे. दुसरा नुसताच साधा आहे. मी पहिले दोन शब्द बघून सोडून दिलं होतं."

"साधा घ्यायचा. तो कुठल्याही स्पीकरशी जमवून घेतो, असं ऐकलंय मी काल."

तिने कळ दाबली आणि पडद्यावर एक इशारा आला. साहेब दचकले. "थांब, अनु. हा ड्रायव्हर चालेलच अशी खात्री नाही म्हणतोय. यंत्र नीट काम करणार नाही म्हणतोय."

"पूर्ण वाचा."

"पुढे जायचं का, असं विचारतोय."

अनुयाचे बोट कळेवर होते. साहेबांचा हात आपोआप पुढे आला आणि तिच्या हातावर पडला. रस्ता ओलांडताना, जिना उतरताना तो असाच पडायचा. बाहेर कुणाचा तरी पतंग कापला गेला आणि मोठा कल्लोळ उठला. साहेबांनी मुलीच्या चेहऱ्याकडे पाहिले. त्यावर भीती नव्हती. त्यांनी हात मागे घेतला.

"दाब," ते म्हणाले.

मी बंद झालो. मी पुन्हा सुरू झालो. आत कुठेतरी ओळखीची खुटखुट झाली आणि माझा म्हातारा स्पीकर शुद्धीवर आला. अनुयाने बोट हलवले मात्र, माझ्या तोंडून शब्दांचा धबधबा सुटला. काल दुपारपासूनचे सगळे साचलेले होते.

"चणे फुटले," साहेब म्हणाले आणि घाईघाईने चष्मा पुसू लागले.

मधुमतीबाई पिठाच्या हातांनी बाहेर आल्या. "बोलला का?"

"बोलला, आई. मतलब, अजून बोलतोच आहे."

"मग त्याला आधी तिळगूळ द्या," त्या म्हणाल्या, आणि तव्यावरची पोळी आठवून परत धावल्या.

दुपारभर अनुयाने दार लावून शेवटचा प्रवेश जोडला. यापुढे असले अपडेट न विचारता आत येऊ नयेत, अशी सोयही तिने करून ठेवली.

संध्याकाळी कॉलनीच्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. हलव्याचे दागिने घातलेली लहान बाळे, काळ्या साड्या, आणि हातांवर मांज्याचे चरे मिरवणारी मुले. दिवे मालवले गेले आणि श्रुतिका सुरू झाली. मैत्रेयीचा आवाज सभागृहभर पसरला तेव्हा ती आईला चिकटून म्हणाली, "ही मी आहे? मतलब, मी अशी बोलते?" "मला भूक लागला" या वाक्याला एवढा हशा पिकला की पुढची दोन वाक्ये बुडाली. चिडक्या आजीच्या वेळी सगळ्यांनी मधुमतीबाईंकडे वळून पाहिले, आणि त्या पदरात तोंड लपवून हसल्या. श्रुतिका संपली तशी मुले ओरडू लागली, "ताई, फिरसे." मग आम्ही ती पुन्हा ऐकवली.

मंडळाचे गुलाबराव साहेबांचा हात धरून म्हणाले, "अहो, लॅपटॉप बंद पडला होता म्हणे. कसा दुरुस्त केलात?"

साहेब अनुयाकडे वळले. "ते अनुया सांगेल," ते म्हणाले. "मी फक्त वाचत होतो." आणि मागच्या खुर्चीवर जाऊन बसले. अनुया बोलू लागली, तेव्हा सगळ्यांत लक्षपूर्वक तेच ऐकत होते.

मित्रांनो, मी काही ज्ञानी नाही, पण माझे एवढे मागणे ऐका. तुमच्या घरातले यंत्र रुसले तर त्याला लगेच मोडीत काढू नका. पडद्यावर आलेली ओळ न वाचता घाईने पुढे जाऊ नका, कारण ती ओळ म्हणजे आमचे गाऱ्हाणे असते. ते शेवटपर्यंत वाचा. तुमच्या मोलाच्या गोष्टी आधी दुसरीकडे जपून ठेवा. आणि यंत्र ज्याचे असेल त्याला विचारल्याशिवाय त्याच्या वतीने "हो" म्हणू नका. माणसांच्या बाबतीतही हेच करून पाहा.

आता आमची नवी श्रुतिका बसते आहे. तिच्यात एक उंट आहे आणि ती भूमिका उमाकांत साहेबांनी मागून घेतली आहे. उंटाला एकच वाक्य आहे. साहेब ते दर वेळी चुकतात, अनुया पुन्हा म्हणायला लावते, आणि मी त्यांची सगळी चुकलेली वाक्ये पोटात जपून ठेवतो. त्यांतली काही फारच गोड आहेत.